आईला बघितल्याशिवाय

मालवण,
४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय टीचर,
सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून शाळेत तुम्ही शिकवलं होतं तसं कागदावर लिहिते आहे. चुका काढू नका.

जितेंद्र भावजींचं तुम्हाला कळलं असेलच. नारळी पुनवेनंतरच्या पहिल्याच फेरीत लाटेने बोट कलली. प्रीतम आणि जितेंद्र, दोघे भाऊ पाण्यात पडले. प्रीतम परत आला. धाकट्याचं काहीच सापडलं नाही. तेव्हापासून प्रीतम बोललेला नाही. एक शब्दही नाही. मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसतो. ताट ठेवलं तर जेवतो, विसरले तर मागत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. मी खानावळीत भाकऱ्या भाजायला जाते आणि येताना रोज वाटतं, आज दार उघडल्यावर काय दिसेल?

गेल्या आठवड्यात शेजारच्या होमस्टेवर पुण्याचे पाहुणे आले. त्यांचा लॅब्रॅडॉर कुंपणातून आमच्या पडवीत शिरला आणि प्रीतमच्या गुडघ्यावर डोकं टेकून राहिला. प्रीतम म्हणाला, "बस, बाबा." मी स्वतः ऐकलं. सासूबाईंनी आतून हाक मारली, "माझो झील बोललो? खरा सांग गो!" मी चुलीपाशी उभी राहून रडले.

पाहुणे गेले आणि तो परत गप्प झाला.

टीचर, मला तसाच कुत्रा हवा आहे. फोनवर एक जाहिरात आहे. पिल्लांच्या गळ्यात लाल रिबिनी. माणूस तुमच्याच बाजूचा, गोव्याच्या हद्दीजवळचा. म्हणतो लवकर घ्या, गिऱ्हाईकं थांबलीत. तुमच्या घरी कायम कुत्री असायची. घेताना काय बघायचं ते कळवा.

तुमची,
विनीता

---

आरोंदा,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय विनू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चूक एकच काढते. 'लवकर घ्या' असं जो म्हणतो, घाई त्याला असते, तुला नव्हे.

पिल्लू घ्यायचं तर आधी त्याची आई बघायची. ती कुठे झोपते, काय खाते, माणूस जवळ आला की शेपटी हलवते की कोपऱ्यात सरकते, हे बघायचं. आई दाखवत नाही त्याच्याकडून पिल्लू घ्यायचं नाही, मग ते कितीही गोजिरं असो. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू तर मुळीच नको. पिल्लं विकायचा धंदा करणाऱ्याला सरकारी नोंदणी लागते, ती विचार. आणि एक लक्षात ठेव. भला माणूस तुलाच प्रश्न विचारतो. घरी कोण असतं, काय खायला घालणार, नाही जमलं तर परत आणून देणार ना, असं. जो काहीच विचारत नाही त्याला पिल्लाचं पुढे काय होतं याच्याशी घेणं नसतं.

जातिवंतच कशाला हवा? सावंतवाडीला रसिका म्हणून एक मुलगी आहे. टाकून दिलेल्या कुत्र्यांना सांभाळते. मी तिला विचारून बघते. थोडी थांब.

मी नेव्हिललाही तुझं सांगितलं. माझ्या भावाचा मुलगा, तुला आठवत असेल, लहानपणी मालवणला माझ्याकडेच होता. आता खाडीकडे त्याने पोल्ट्री टाकली आहे. जनावरांतलं त्याला कळतं. पिल्लू घरी जाऊन, आई बघूनच घ्यावं म्हटल्यावर तो हसला. म्हणाला, "आंटी, आताशा सगळे वाटेरच देतत, तेत काय?" मग कोण घेतंय, कुठलं गाव, सगळी चौकशी केली. काळजी करणारं पोर आहे. कान गेल्यापासून मला तोच आधार.

प्रीतमला बोलायचा आग्रह करू नकोस. नुसती जवळ बस.

तुझी,
जेसिंता टीचर

---

मालवण,
१६ नोव्हेंबर २०२४

आदरणीय टीचर,

तुमचं पत्र आलं तेव्हा पिल्लू घरात आलेलं होतं. रागावू नका.

बांद्याला हायवेखाली बोलावलं होतं. प्रीतमला मी बळेच बरोबर नेलं. एक टेंपो आला, पाठीमागे तुरेवाल्या कोंबड्याचं मोठं चित्र. माणसाने हेल्मेटसुद्धा काढलं नाही. कोंबडीची पिल्लं नेतात तसल्या भोकांच्या खोक्यातून हे बाहेर काढलं. मी विचारलं, आई कुठे आहे? म्हणाला, बेळगावला, आणि पिल्लू दोन महिन्यांचं आहे, लसही टोचली आहे. पुढे विचारणार तोवर प्रीतमने पिल्लू हातात घेऊन शर्टाच्या आत घातलं होतं. आता सांगा, त्या शर्टातून मी ते परत कसं काढू?

एसटीत बसल्यावर तो म्हणाला, "ह्येच्या अंगाक बांगड्याचो वास येता." आणि टीचर, तो हसला! तेच नाव पडलं. लॅब्रॅडॉर आणि नाव बांगडो! सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण त्याही हसल्या.

तो बांगड्याशी बोलतो. आमच्याशी नाही अजून, पण आमच्यासमोर बोलतो. परवा त्याला किनाऱ्यावर घेऊन गेला. बोट कलली तेव्हापासून प्रीतमने समुद्राकडे तोंड केलं नव्हतं.

काल सकाळपासून पिल्लाला जुलाब होतायत. त्या माणसाला फोन केला. म्हणाला, पाणी बदललं की होतं असं, भात-दही घाला. होतं ना असं?

विनीता

---

कुडाळ,
२० नोव्हेंबर २०२४

टीचर,

तुमचं उत्तर आलं नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे.

पार्व्हो म्हणतात याला. आतडी सोलून निघतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त पडतं आहे. पाण्याचा थेंब पोटात राहत नाही. बाईंनी दात बघितले आणि मान हलवली. "हे आईच्या दुधावरून तोडलेलं आहे. एवढ्या लहानाला लस देतच नाहीत. तुम्हाला खोटं सांगितलंय."

प्रीतम सलाइनची बाटली हातात धरून उभा असतो. खुंटी आहे, तरी हातातच धरतो. पिल्लाला सांगतो, "आता जराशी कळ काढ. जराशीच." हेच शब्द घेऊन सकाळपासून बसलाय. पाण्यात तो जितेंद्रला असंच सांगत होता की काय, कोण जाणे. मी विचारत नाही.

बांगडो गेला तर हा माणूस परत वर येणार नाही. मला माहीत आहे. मी देवाला काय काय बोलले ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही.

तुम्ही गप्प का? न विचारता घेतलं म्हणून? मारा मला वाटल्यास, पण काहीतरी लिहा.

विनीता

---

आरोंदा,
२७ नोव्हेंबर २०२४

प्रिय विनू,

तुझ्यावर रागावले नव्हते. पेन हातात धरवत नव्हतं.

तुरेवाल्या कोंबड्याचं चित्र असलेला टेंपो आमच्या अंगणात उभा असतो. तो नेव्हिलचा आहे.

तुझं पत्र वाचून मी चालत खाडीकडे गेले. पोल्ट्रीवर मला कधी नेलंच नव्हतं त्याने, वास येतो म्हणायचा. पुढच्या भागात कोंबड्या आहेत. मागे पत्र्याची शेड. मला भुंकणं ऐकू येत नाही, त्यामुळे दार उघडेपर्यंत काही कळलं नाही. दार उघडलं आणि समोर सगळी उघडीमिटी होणारी तोंडं. कोंबड्यांच्याच पिंजऱ्यांत कुत्र्या भरल्या आहेत. खाली जाळी, पाय टेकायला फळीसुद्धा नाही. पंजे फाकलेले. एक पिवळी लॅब्रॅडॉर होती, सड जमिनीला लागतील इतके ओघळलेले, दात गज चावून चावून झिजलेले. तिच्या पोटाशी तीन पिल्लं. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. ती भिंतीकडे बघत होती. तुझ्या पहिल्या पत्रातलं प्रीतमचं बसणं मला आठवलं.

तीच बांगड्याची आई असावी. बेळगाव कसलं.

नेव्हिल आला. मी त्याच्या ओठांवरून वाचते, लहानपणापासूनचे ओठ आहेत. म्हणाला, "आंटी, कोंबडी अंडी घालता, ही पिल्लां घालता. धंदो तो धंदो. तू कोंबडेक कधी रडलंस?" त्याला मी न्हाऊमाखू घातलंय, विनू. जखमी साळुंकी घरी आणून रात्रभर उशाशी घेऊन बसणारा मुलगा होता हा. कधी बदलला, मी कुठे बघत होते, काही उमगत नाही.

मी ठाण्यात गेले. ते म्हणाले, पाळलेली कुत्री आहेत म्हणेल तो. विकत घेणाऱ्या कोणाची तरी तक्रार हवी. तुझा जबाब हवा आहे. मी माझ्या पोराविरुद्ध उभी राहते आहे, तू माझ्या बाजूला उभी राहा.

बांगडो कसा आहे? आधी तेच लिही.

जेसिंता टीचर

---

मालवण,
१ डिसेंबर २०२४

आदरणीय टीचर,

पत्र मिळालं. बांगडो बरा आहे. चांगला खेळतो. प्रीतमचंही बरं आहे.

आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. आम्हाला यात ओढू नका, हात जोडते. तुमच्या घरातलं तुम्ही बघा. काही दिवस पत्र पाठवलं नाहीत तरी चालेल.

विनीता

---

आरोंदा,
८ डिसेंबर २०२४

प्रिय विनू,

पाठवू नको म्हणालीस तरी लिहिते आहे.

पोलिसांनी नेव्हिलला बोलावलं. मीही गेले. त्याने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात तू होतीस. हातात पिल्लू, तोंडावर हसू. काय बोलतेस ते हवालदाराने मला कागदावर लिहून दाखवलं. 'पिल्लू निरोगी आहे, मी समाधानी आहे, तक्रार नाही.' पण त्याआधीच मी तुझ्याकडे बघितलं होतं. दहावीत पेपर कोरा देऊन 'सोपा गेला' म्हणाली होतीस तेव्हाचंच हसू ते.

पिल्लू धडधाकट दिसत होतं. सलाइनवरून उठलेलं जनावर असं दिसत नाही. बरगड्या दिसतात, डोळे खोल जातात. तो बांगडो नव्हता. हो ना?

तो गेला आणि बदल्यात तू दुसरं घेतलंस. त्या पिवळीच्या पोटाशी आता दोनच पिल्लं आहेत, मी जाऊन बघून आले.

मी तुला बोल लावत नाही. बुडणारा हाताला लागेल ते धरतो. पण त्या रोगाची लागण घरात, अंगणात महिनोन् महिने राहते, हे तुला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं असेल ना? जिथे एक पिल्लू या रोगाने गेलं तिथे लगेच दुसरं आणायचं नसतं. ते ठीक आहे का? खरं लिही.

प्रकरण मिटल्यात जमा आहे. नेव्हिल आता माझ्यासमोरूनच खोकी नेतो. नाताळ आला, गिऱ्हाईक वाढलंय म्हणे. आम्ही एका घरात राहतो आणि वेगळं शिजवतो. या वयात मी कुठे जाऊ, तेही मला कळत नाही.

जेसिंता टीचर

---

मालवण,
१४ डिसेंबर २०२४

टीचर,

बांगडो गेला तेव्हा मी एकटीच होते. सासूबाई खाटेवरून पडल्या म्हणून प्रीतमला मालवणला जावं लागलं होतं. तो निघाला आणि थोड्या वेळात पिल्लाने मान टाकली. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या मागे फणसाखाली पुरायला जागा दिली.

प्रीतमला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. त्या माणसाला शिव्या द्यायला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, तसंच दुसरं आणून देतो, फक्त व्हिडिओत दोन वाक्यं बोला. संध्याकाळी कुडाळलाच घेऊन आला. मी बोलले. बाईंनी बजावलं होतं की आता घरात दुसरं पिल्लू नको, तेही माझ्या कानांत होतं. फिनेल मारून मारून पडवी धुतली, अंथरूण जाळलं. वाटलं, पुरे होईल.

प्रीतमला म्हटलं, बघ, सुधारला. त्याने पिल्लू उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि काही न बोलता शर्टात घातलं. मला वाटलं, जिंकले.

मग तुमचं पत्र आलं. त्या शेडचं वर्णन वाचताना ते पिल्लू माझ्या पदराशी खेळत होतं. मी तुम्हाला तसं कोरडं उत्तर लिहिलं आणि टपालात टाकून आले, आणि चार दिवसांत त्यालाही उलट्या सुरू झाल्या.

परत तोच दवाखाना, तोच बाक. परवा प्रीतम माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्या पण जातला." मी म्हटलं, बांगडो एकदा उठला ना, आताही उठेल. तेव्हा तो म्हणाला, "ह्या बांगडो न्हय. पयल्याच दिसाक माका कळला."

मला तोंड वर करवेना. विचारलं, मग तेव्हा का नाही बोललास?

"तू किती दिसांनी हसलंस. ता मोडूचा कशाक?"

म्हणजे टीचर, मी त्याच्यासाठी खोटं हसत होते आणि तो माझ्यासाठी फसल्याचं दाखवत होता. आणि आम्हा दोघांच्या मधे ते मुकं जनावर मरत होतं.

मग तो म्हणाला, "जितू गेलो. तेच्या जाग्यार कोण दुसरो आणून ठेवतलंस?" बोट कलली तेव्हापासून भावाचं नाव पहिल्यांदा तोंडातून निघालं. असा रडला की बाई आतून धावत आल्या. त्याच दुपारी पिल्लू गेलं. त्याला आम्ही नावसुद्धा दिलं नव्हतं. फणसाखाली प्रीतमने स्वतः खड्डा खणला आणि शेजारच्या आधीच्या मातीच्या ढिगावर हात ठेवून विचारलं, "हय आसा तो?" मी हो म्हटलं.

घरी आल्यावर त्याने मला तुमची पत्रं वाचून दाखवायला लावली. पिवळीचं वाचल्यावर म्हणाला, "ती खंय आसा, माका दाखवतली तुझी टीचर?"

काल मालवणच्या ठाण्यात मी सगळा जबाब दिला. व्हिडिओ कसा आणि का केला, तेही. दोन्ही पिल्लांबद्दल डॉक्टरीणबाई बोलायला तयार आहेत. सासूबाईंना सोडून मला येता येत नाही, म्हणून हे पत्र प्रीतमच्याच हाती देते. तो एकटा येतो आहे. त्याच्यावर लक्ष ठेवा. त्याला खाडी ओलांडावी लागू देऊ नका. अजून तो होडीत पाय ठेवत नाही.

तुमची,
विनीता

---

सावंतवाडी,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय विनू,

प्रीतम सुखरूप आहे, हे आधी.

तुझ्या जबाबावरून आरोंद्याला पंचनामा झाला. पोलीस होते, सरकारी पशुवैद्य होते, रसिका तिची गाडी घेऊन आली होती. नेव्हिल गेटपाशी उभा होता. मी त्याच्या जवळून गेले तेव्हा तो म्हणाला, "आंटी, लोकांसाठी माका धरून दिलंस?" मी म्हटलं, लोकांसाठी नाही रे. ते त्याला पटलं नाही. पटेल असं मला वाटतही नाही.

एकेक पिंजरा उघडला. तुला वाटेल कुत्र्या धावत सुटल्या असतील. एकही बाहेर आली नाही. दार उघडं आणि त्या तिथेच. पायाखाली जमीन कशी लागते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. बाकीच्यांना उचलून काढलं, पण पिवळी कोणाला हात लावू देईना. अंग तापाने फणफणलेलं. राहिलेली दोन्ही पिल्लं तिच्यापाशी नव्हती. नाताळच्या गिऱ्हाइकांना गेली असणार. त्यांचा काही माग लागला नाही.

प्रीतम पुढे झाला. पिंजरा वरून कापून घेतला आणि आत जाऊन तिच्या शेजारी त्या जाळीवर बसला. हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून बसला, ती बसली होती तसाच. आणि बोलायला लागला. मला त्याची पाठ दिसत होती, ओठ दिसत नव्हते. रसिका जवळ उभी होती, ती डोळे पुसत बाहेर निघून गेली. काय बोलला, मी तिला विचारलं नाही. तू त्यालाच विचार कधीतरी, नाहीतर विचारू नकोस. फार वेळ बोलत होता. पोलीससुद्धा थांबले. शेवटी त्याने तिला उचललं तेव्हा तिने दात दाखवले नाहीत. एवढंच.

तिच्या गर्भाशयात पू झाला आहे. काल ऑपरेशन झालं. पशुवैद्य आशा धरा म्हणत नाहीत. वेतांवर वेतं काढून शरीरात काही उरलेलं नाही. वाचली तरी तिला तुमच्याकडे नेता येणार नाही, घरी लागण आहे आणि अंगात ताकद नाही. रसिकाच्या शेडमध्ये प्रीतम तिच्याजवळ जमिनीवर झोपतो. आज सकाळी तिने त्याच्या हातून चमचाभर पेज चाटली आणि लगेच ओकली. तो परत पेज करायला बसला.

नेव्हिल जामिनावर सुटून घरी आला. मी त्याला ताट वाढलं. तो जेवला. दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरून इथे निघून आले. रसिकाकडे कुत्र्यांचं जेवण करायला माणूस हवंच होतं. या वर्षी नाताळ इथेच.

प्रीतमला मी म्हटलं, आता घरी जा, विनू वाट बघत असेल. त्याने माझ्या समोर येऊन, मला नीट वाचता येईल असं हळू सांगितलं, "टीचर, ही जगतली की मरतली ता माका म्हायत नाय. पण एकटी मरूची नाय."

त्याचे दोन शर्ट आणि एक चादर एसटीने पाठव. इथे पहाटे गार पडतं.

तुझी,
जेसिंता